घोळाचा हिशेब मागणाऱ्यांचा जाहीरनामा

दर डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये मोठा सोहळा होतो आणि वर्षाचा सर्वोत्तम व्हिडिओ गेम जाहीर होतो. तो निकाल आठवड्याभरात शिळा होतो. खरी चुरस असते ती दुसऱ्याच निवडणुकीची: यंदा सगळ्यांत मोठा घोळ कुणी घातला? यावर माणसं हॉस्टेलच्या खोल्यांत रात्र रात्र भांडतात, गेमिंग कॅफेत आपला नंबर लागेपर्यंत भांडतात, माइक बंद करायचं विसरून सगळ्या घराला ऐकू जाईल असं भांडतात. हे भांडण गरजेचं आहे. पण आज ते ज्या तऱ्हेनं चालतं, त्यात घोळ घालणारे अलगद सुटतात आणि भलतेच लोक मार खातात, असं आमचं ठाम मत झालं आहे. म्हणून हा जाहीरनामा.

आम्ही म्हणजे गेम विकत घेणारे. आमच्यातल्या थोरल्यांनी शाळा बुडवून पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेला आहे (त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे त्यांना फार उशिरा कळलं), मधल्या पिढीनं लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणल्या, आणि गेम कधीकाळी डब्यातून मिळायचा याचंच धाकट्यांना नवल वाटतं. आज एका मोठ्या गेमला आम्ही चार-पाच हजार रुपये मोजतो. शंभर जीबी उतरवायला रात्रभर मशीन चालू ठेवतो आणि सकाळी विजेच्या बिलावरून बोलणी खातो. एवढं करून समोर जे येतं त्याबद्दल तोंड उघडलं, की ऐकावं लागतं, ‘अरे, गेमच तर आहे.’ पाच हजारांचा मिक्सर पहिल्या दिवशी बंद पडला तर असं कुणी म्हणत नाही.

आमच्या चळवळीला अजून नाव नाही, बोधचिन्ह नाही, टी-शर्टही नाहीत. हातात काही नसताना नाव आणि ट्रेलर आधी झळकवायचे, याच खोडीविरुद्ध आम्ही उभे राहतो आहोत. तेव्हा आधी काम करू. नाव पुढे सुचेल.

घोळ कशाला म्हणायचं

वाईट गेम म्हणजे घोळ नव्हे. गेम रटाळ असेल, कथा बाळबोध असेल, बंदूक चालवताना पाण्याची पिचकारी मारल्यासारखं वाटत असेल, तर त्याला नावं जरूर ठेवा. पण गेम करणाऱ्याला फसायची मुभा असलीच पाहिजे, नाहीतर दरवर्षी तेच ते सुरक्षित गेम खेळत बसावं लागेल. घोळ वेगळा. आपला माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ते वेळेत कळू नये याची तजवीज केलेली असते, आणि पैसे आधीच घेतलेले असतात. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की आम्ही त्याला घोळ म्हणू. जितक्या ठळकपणे जुळतील तितका तो मोठा.

या व्याख्येचा नमुना म्हणून ‘सायबरपंक 2077’ कडे बघावं. सीडी प्रोजेक्ट रेड या वॉर्साच्या कंपनीनं त्याची घोषणा 2012 मध्ये केली. 2020 या एका वर्षात तारीख तीनदा पुढे गेली: एप्रिलवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर, नोव्हेंबरवरून 10 डिसेंबर. तोवर 80 लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. परीक्षण लिहिणाऱ्यांना गेम आधी मिळाला, पण फक्त पीसीवरचा, आणि तोही स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायची नाहीत या अटीवर. कंपनीनं दिलेलीच चित्रफीत लावायची. त्या वेळी बहुसंख्य घरांत जी यंत्रं होती, म्हणजे प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन, त्यांच्यावर गेम कसा चालतो हे त्या परीक्षणांतून कळायला मार्गच नव्हता. आणि नोव्हेंबरात कंपनीचे प्रमुख गुंतवणूकदारांना सांगत होते, की एवढ्या प्रचंड जगाच्या मानानं जुन्या कन्सोलवरही तो आश्चर्य वाटावं इतका बरा चालतो.

10 तारखेला लोकांनी तो सुरू केला. जुन्या प्लेस्टेशनवर माणसांचे चेहरे ओल्या मातीचे असल्यासारखे दिसायचे आणि जवळ गेल्यावर चार-दोन सेकंदांनी त्यांना डोळे-नाक फुटायचं. गाड्या हवेतून टपकायच्या. दोन्ही हात आडवे पसरलेला माणूस धावत्या गाडीच्या छपरातून बाहेर आलेला असायचा. मध्येच निळा पडदा यायचा आणि सगळं बंद. आठवड्याभरात सोनीनं आपल्या दुकानातून गेम काढून टाकला आणि तो परत ठेवायला जून 2021 उजाडला. जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. लोकांना आल्या त्यातल्या पुष्कळ अडचणी आमच्या चाचण्यांत दिसल्याच नव्हत्या, असं त्यात सांगितलं. एवढं होऊनही पैसे परत मागणारे वजा करता 20 डिसेंबरपर्यंत 1 कोटी 30 लाख प्रती खपल्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी आमची दिशाभूल झाली म्हणून दावा लावला आणि तो 18.5 लाख डॉलरवर मिटला. म्हणजे शेअर घेणाऱ्यांची दिशाभूल झाली, तर त्याला कोर्ट आहे. गेम घेणाऱ्यांची झाली, तर पॅच आहे.

आता कुणी म्हणेल, 2023 मध्ये त्यांनी गेम पार सुधारला की. सुधारला, आणि झकास सुधारला, आमच्यातले अर्धे आजही खेळतात. पण सुधारणेची गोष्ट इतकी गोड करून सांगितली जाते, की मूळ व्यवहार विसरला जातो. 2020 च्या डिसेंबरात ज्यानं पूर्ण किंमत मोजली, त्यानं अर्धवट गेम घेतला. तीन वर्षांनी सवलतीत घेतलेल्याला पूर्ण गेम मिळाला. सगळ्यांत जास्त विश्वास टाकणाऱ्याला सगळ्यांत वाईट माल, हा या धंद्याचा आता पायंडाच पडला आहे. ‘नो मॅन्स स्काय’चं उदाहरण इथे हमखास पुढे येतं. ते मूठभर माणसांचं काम होतं, 2016 पासून ते वर्षानुवर्षं फुकट भर घालत राहिले, त्यांना आमचा मनापासून नमस्कार आहे. पण त्यांच्या चिकाटीची सबब हजारो माणसं पदरी असलेल्या कंपन्यांनी सांगू नये.

मुंबई-पुण्यात घर घेतलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सॅम्पल फ्लॅट बघून बुकिंग करायचं, आणि ओसी नसलेल्या इमारतीत पाणी कधी येणार हे विचारत राहायचं. त्या धंद्यात निदान 2017 मध्ये महारेरा आलं. ते आपसूक आलं नाही. घर घेणारे वर्षानुवर्षं एकत्र येऊन कागद मागत राहिले, म्हणून आलं.

गेल्या काही वर्षांचे निकाल आम्ही बदलतो आहोत

व्याख्या मान्य केली की जुने निकाल उलटे-पालटे होतात. त्याची गंमत आहे आणि आम्ही ती पुरेपूर लुटणार आहोत.

2024 चा मान पुष्कळांनी ‘कॉन्कॉर्ड’ला दिला. सोनीनं 23 ऑगस्टला 40 डॉलरला विकायला काढलेला हा गेम 6 सप्टेंबरला बंद झाला. स्टीम या ऑनलाइन दुकानावर एका वेळी सर्वाधिक खेळाडू होते 697. एखाद्या गल्लीतल्या दहीहंडीला याहून जास्त माणसं असतात. सबंध जगानं टाळ्या पिटल्या. पण आमच्या मोजपट्टीवर हा घोळ बसत नाही. गेम नीट चालत होता. जुलैत खुली बीटा झाली होती, ज्याला हवं त्यानं आधी खेळून बघितलं आणि नको म्हटलं. घेणाऱ्या प्रत्येकाचे पैसे परत दिले. याला सपशेल अपयश म्हणा, बाजाराचा चुकलेला अंदाज म्हणा. त्याची किंमत तो करणाऱ्या फायरवॉक स्टुडिओतल्या माणसांनी मोजली, ऑक्टोबरअखेर स्टुडिओच बंद झाला.

मग 2024 कुणाचं? आमचं मत ‘सुइसाइड स्क्वाड: किल द जस्टिस लीग’ला. परीक्षकांना आधी प्रती दिल्या नाहीत. वर, महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना 72 तास आधी खेळायला मिळेल, असं सांगून जादा पैसे घेतले. त्या जादा पैसेवाल्यांपैकी काहींनी गेम उघडला तर तो आधीच शंभर टक्के पूर्ण झालेला! कथा संपलेली, शेवट बघून झालेला, खेळणाऱ्यानं बटणही दाबलेलं नाही. तो दुरुस्त करायला सर्व्हर बंद करावे लागले आणि आधी खेळण्याचे जे तास विकले होते, त्यातलेच काही तास बंद दारासमोर गेले. भरपाई म्हणून काय दिलं, तर गेममधलंच चलन. वॉर्नर ब्रदर्सला या गेमपायी 20 कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले, हे त्यांचं ते बघतील.

2021 मध्ये ‘जीटीए’च्या तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यातला पाऊस इतका दाट आणि पांढरा होता, की रस्ता दिसायचा नाही. पण आमच्या मनात घर करून राहिला आहे तो एका डोनटच्या दुकानावरचा नट. मूळ गेममध्ये तो सहा कोनी होता, बोल्टाला लावतात तसा. दुकानाचं नाव ‘टफ नट’, त्यावरचा तो साधा विनोद. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करण्याच्या नादात कुणी तरी, किंवा कोणत्या तरी सॉफ्टवेअरनं, तो नट घासून गोल केला. 2004 साली एका माणसानं जाणून काढलेली गोष्ट 2021 मध्ये न बघताच पुसली गेली. तरीही घोळ तो नट नव्हे. नव्या आवृत्तीसाठी वाट मोकळी करायला जुने, नीट चालणारे गेम दुकानांतून काढून टाकले होते, हा घोळ. आरडाओरडा झाल्यावर ते पीसीवर परत आणले. ब्लिझर्डनं 2020 च्या जानेवारीत ‘वॉरक्राफ्ट 3’ चं नवं रूप आणताना तर जुना गेम ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांच्याही मशीनवर नवा कारभार लादला.

2023 वर आमच्यात एकमत नाही. एक गट म्हणतो ‘द डे बिफोर’. झोंबींनी भरलेलं प्रचंड खुलं जग, हजारो खेळाडू एकत्र, अशी हवा केली होती. स्टीमवर सर्वाधिक लोकांनी यादीत टाकून ठेवलेल्या गेमपैकी तो एक. 7 डिसेंबरला आला तो भलताच, खूपच लहान गेम. 11 डिसेंबरला स्टुडिओनं दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. चार दिवस! पुढच्या 22 जानेवारीला सर्व्हरही गेले. दुसरा गट ‘रेडफॉल’वर अडून बसला आहे. त्यांचं म्हणणं, डे बिफोर करणारे किरकोळ होते आणि पैसे परत मिळाले. रेडफॉलच्या मागे मायक्रोसॉफ्ट होती, जिनं बेथेस्डाच्या मूळ कंपनीसाठी साडेसात अब्ज डॉलर मोजले होते. ब्लूमबर्गच्या वृत्तानुसार तो करणाऱ्या ऑस्टिनच्या आर्केन स्टुडिओत ‘प्रे’ हा आधीचा गेम केलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के माणसं रेडफॉल होईपर्यंत सोडून गेली होती, आणि राहिलेल्यांपैकी काहींना मालकांनी हे काम थांबवावं असंच वाटत होतं. कुणी थांबवलं नाही. 70 डॉलरला विकलं, माफी मागितली, आणि मे 2024 मध्ये स्टुडिओला टाळं लावलं. महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना कबूल केलेली दोन नवी पात्रं कधी आलीच नाहीत, त्या भागाचे पैसे परत करायची वेळ आली. या दोन गटांना आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसवतो.

आपल्याकडचा ‘फौजी’ या यादीत कुणी घेत नाही, ते बरोबर नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत त्याची घोषणा झाली. 26 जानेवारी 2021 ला गेम आला, तेव्हा त्यात चार मित्रांनी मिळून खेळायची सोयच नव्हती, नुसती गलवानच्या खोऱ्यात हाणामारी होती. गेम फुकट होता, म्हणून घोळ लहान धरू. पण देशप्रेमाच्या वेष्टनात आलेल्या मालाची तपासणी करू नये, असा संकेत आम्हाला मान्य नाही.

हसायचं कुणाला

हसण्यावर आमची बंदी नाही. ‘सिटीज: स्कायलाइन्स 2’ आला तेव्हा चांगल्या चांगल्या मशीनना धाप लागली. जिज्ञासूंनी आत डोकावलं, तर लाखभर वस्तीच्या शहरातल्या प्रत्येक नागरिकाच्या तोंडात दात निघाले. नीट कोरलेले. वरून बघताना मुंगीएवढ्या दिसणाऱ्या, तोंडही न उघडणाऱ्या माणसाचे दात! यावर हसला नाही तो आमचा नव्हे. मात्र त्याच वेळी हेही नोंदवायचं, की टांपेरे या फिनलंडमधल्या गावातल्या सुमारे तीस माणसांच्या या कंपनीनं रिलीजच्या आधीच जाहीर सांगितलं होतं, की गेमचा वेग आम्हाला हवा होता तिथवर पोचलेला नाही. म्हणून घोळाच्या यादीत आम्ही तो खाली ढकलतो. आधी सांगणाऱ्याला सूट, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. राबणाऱ्यांची टवाळी करायची नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये युबिसॉफ्टनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं करत असल्याचं जाहीर केलं. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. इतका गाजलेला गेम, आणि तो आपल्याकडे होतोय, याचं आम्हाला कोण अप्रूप. ट्रेलर आला आणि प्रिन्सच्या चेहऱ्यावरून टिंगल सुरू झाली. ट्रेलर खरोखरच फिका होता, त्याबद्दल वाद नाही. पण दोन दिवसांत सूर बदलला. भारतात करायला दिलं की असंच व्हायचं, स्वस्तातलं काम स्वस्तच दिसणार. हे म्हणण्यात आपली माणसंही मागे नव्हती, उलट पुढे होती. तारीख जानेवारी 2021 ची मार्च झाली, मग तारीखच गेली. मे 2022 मध्ये काम काढून माँट्रिअलला दिलं, जिथे 2003 चा मूळ गेम झाला होता. तेव्हा पुन्हा तेच, आता बघा कसा होतो ते. माँट्रिअलकडे साडेतीन वर्षांहून जास्त काळ होता. जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टनं तो प्रकल्पच रद्द केला. प्रिन्सच्या चेहऱ्यावरून पुण्या-मुंबईच्या पोरांना ज्यांनी धुतलं, त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी काही बोललं नाही. दोन स्टुडिओंना पहिलंच एवढं मोठं काम देताना किती माणसं दिली, किती महिने दिले, आणि चार महिन्यांवर रिलीज असताना तो ट्रेलर बाहेर काढायला कुणी सांगितलं, हे प्रश्न तेव्हाही कुणी विचारले नव्हते.

‘स्कल आयलंड: राइज ऑफ काँग’चंही तेच. 2023 च्या ऑक्टोबरात एक तुकडा जगभर फिरला: महाकाय वानराला जुनी आठवण येते आणि पडद्यावर एक सपाट, हलतही नसलेलं चित्र चिकटवल्यासारखं उगवतं. हसून पोट दुखलं. मग ‘द व्हर्ज’नं करणाऱ्यांशी बोलून छापलं, की चिलीमधल्या त्या छोट्या स्टुडिओला गेम संपवायला जेमतेम एक वर्ष दिलं होतं. ‘गोलम’ हा गेम फसला तेव्हा माफीनाम्यातच गेमचं नाव चुकलं होतं. पुढे जर्मन पत्रकारांनी दिलेल्या वृत्तानुसार तो माफीनामा स्टुडिओनं लिहिलेलाच नव्हता, प्रकाशकानं यंत्राकडून लिहून घेऊन स्टुडिओच्या नावे खपवला होता. हँबर्गच्या डेडॅलिकनं महिन्याभरात स्वतः गेम करणंच थांबवलं, पंचवीस जणांच्या नोकऱ्या गेल्या.

या अन्यायाचा आद्य बळी अटारीचा ‘ई.टी.’. 1982 च्या नाताळात गेम दुकानात हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या माणसाला पाच आठवडे मिळाले. (त्यानं आनंदानं होकार दिला होता, हेही नोंदवू. तरुण होता.) सिनेमाच्या हक्कांवर कोट्यवधी डॉलर उधळलेले, त्यामुळे थांबणं कुणालाच परवडणारं नव्हतं. खेळणारी पोरं खड्ड्यात पडत राहिली. न खपलेल्या कार्ट्रिजा 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलमोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या आणि एप्रिल 2014 मध्ये कॅमेऱ्यासमोर उकरून काढल्या. जगातला सर्वांत वाईट गेम करणारा म्हणून वॉर्शॉचं नाव चाळीस वर्षं घेतलं जातं. पाच आठवडे कुणी ठरवले त्याचं नाव विचारा, शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही. आता वॉर्शॉ मानसोपचार करतो. बहुधा त्याच्याकडे गेम कंपन्यांतली माणसंही जात असतील.

आमचं मागणं

जो गेम ज्या ज्या यंत्रासाठी विकणार, त्या प्रत्येक यंत्रावरची प्रत परीक्षकांना रिलीजच्या आधी मिळाली पाहिजे आणि त्यांना स्वतः टिपलेली दृश्यं दाखवू दिली पाहिजेत. 2014 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ची परीक्षणं गेम विकायला आल्यावर कित्येक तासांनीच प्रसिद्ध करायची परवानगी होती. तोवर लोक घरी पोचून चेहऱ्याविना नुसते डोळे-दात असलेल्या पात्रांकडे बघत बसले होते.

पैसे परत मिळण्याची वाट सरळ पाहिजे. स्टीमवर 2015 पासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करण्याची मुभा आहे. प्लेस्टेशनच्या दुकानात डाउनलोड सुरू केला की, गेम सदोष असल्याशिवाय, हक्क संपतो. आणि सदोष म्हणजे काय, हे तेच ठरवणार. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात सदोष वस्तू आहे, दिशाभूल करणारी जाहिरात आहे, 1915 हा तक्रारीचा नंबर आहे. पण गेम हीदेखील वस्तू आहे हे तिथे कुणी जाऊन सांगितलं पाहिजे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून तांदळापासून विम्यापर्यंत सगळ्यावर भांडत आली आहे. हे भांडण आमच्या पिढीनं तिच्या दारात न्यायचं आहे.

नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढायची नाही. सर्व्हर बंद करायचे असतील तर विकत घेतलेला गेम त्याविना चालेल अशी सोय करून मगच करा. युबिसॉफ्टनं 31 मार्च 2024 ला ‘द क्रू’ बंद केला, आणि एका माणसानं सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेला 2025 च्या जुलैत युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. आमची चळवळ त्या मोहिमेची धाकटी बहीण समजा, जरा तोंडाळ.

आमच्यापुरतं बंधन एकच: आगाऊ बुकिंग नाही. कोणत्याही कंपनीला नाही, लाडक्यांना तर मुळीच नाही. डिजिटल माल संपत नाही, रांग लागत नाही. दोन दिवसांनी घेतला तरी तोच मिळतो, बहुतेक वेळा अधिक बरा मिळतो.

2025 च्या खटल्यात मुख्य नावं दोन आहेत. एकीकडे ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’: 28 फेब्रुवारीला आला, तीन दिवसांत 80 लाख प्रती, आणि पीसीवर अशी रखडगाडी, की इतक्या लोकांना एका वेळी मनस्ताप क्वचितच कुणी दिला असेल. दुसरीकडे ‘माइंड्सआय’: ‘जीटीए’ घडवणाऱ्यांतले एक म्हणून ख्याती असलेले लेस्ली बेंझीज यांचा एडिंबरचा स्टुडिओ, 10 जूनला रिलीज. परीक्षकांना आधी प्रती नाहीत. टीका करणाऱ्यांना कुणी तरी पैसे पुरवतंय, असं कंपनीच्या सह-प्रमुखांनी रिलीजच्या आधीच बोलून ठेवलेलं. रिलीजनंतर पैसे परत मागणाऱ्यांची रीघ, शेकडो नोकऱ्या गेल्या, आणि ऑक्टोबरात आजी-माजी कर्मचाऱ्यांनी कामगार संघटनेमार्फत व्यवस्थापनाला खुलं पत्र लिहिलं. कॅपकॉमनं निदान रिलीजच्या आधी बेंचमार्कचं साधन फुकट दिलं होतं. आपल्या मशीनवर गेम कसा रडेल हे ज्याला बघायचं होतं त्याला बघता आलं. आमच्या नियमाप्रमाणे त्यांना तेवढी सूट, म्हणून आमचं मत ‘माइंड्सआय’ला.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर यावं. येताना बेंचमार्कचा आपला आकडा, खरेदीची पावती आणि कंपनीकडून आलेल्या उत्तराची प्रत आणावी. ‘सगळ्यांना माहितीये’ हा पुरावा धरला जाणार नाही. आवाज चढला तर हरकत नाही, चहा ज्याचा त्यानं. ‘बॉर्डरलँड्स 4’ वाल्यांची संख्या फार असल्यामुळे त्यांना दुसरा दिवस दिला आहे. आमचा गेम प्रीमियम गेमरांसाठी आहे, असं त्या कंपनीचे प्रमुख म्हणाले होते, तेव्हा आपापल्या लॅपटॉपची किंमत सांगायची तयारी ठेवून यावं.